नळातला दाब

तालुक्याच्या गावाची पाणीपुरवठा योजना दाखवायची झाली की पाहुण्याला जलशुद्धीकरण केंद्रावर नेतात, कारण दाखवण्यासारखे सारे तिथेच असते. नदीकाठच्या जॅकवेलमधून उपसलेले पाणी आधी पायऱ्यांवरून खळाळत खाली येते. त्यात हवा मिसळते, कोंदट वास उडून जातो. मग त्यात तुरटीचे द्रावण सोडतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तुरटीच्या जागी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड आले आहे, पण काम तेच. गढूळ पाण्यातले मातीचे कण एकाच विद्युतभाराचे असतात, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटी हा भार मारते, कण एकमेकांना धरतात, त्यांचे पुंजके होतात आणि निवळण टाकीच्या तळाशी बसतात. त्यातूनही निसटलेले वाळूच्या फिल्टर बेडमध्ये अडकते आणि शेवटी क्लोरिनची मात्रा मिळते. किती तुरटी घालायची हे पुस्तकात लिहिलेले नसते. मृगाच्या पावसानंतर नदीला लाल पाणी आले की कालची मात्रा आज चालत नाही. ओळीने मांडलेल्या काचपात्रांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात कमीजास्त तुरटी टाकायची, ढवळायचे आणि कुठले लवकर व स्वच्छ निवळते ते पाहायचे, हीच ती जार टेस्ट. ती मन लावून करणारा ऑपरेटर हा गावाच्या आरोग्याचा मोठा आधार असतो आणि त्याचे नाव गावात फारसे कुणाला ठाऊक नसते. हे सगळे नीट चालले तर केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निर्धास्त प्यावे असेच असते. तरीही त्याच गावात पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात. माझे म्हणणे असे की याचे कारण बहुतेक वेळा केंद्रात सापडत नाही. ते केंद्र आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या, जमिनीखाली गाडलेल्या आणि दिवसाचे बावीस-तेवीस तास रिकाम्या पडलेल्या नळीत असते.

ही रिकामी नळी म्हणजे नेमके काय, ते समजून घ्यायला हवे. जलवाहिनीला सांधे असतात, जुन्या बिडाच्या किंवा सिमेंटच्या नळ्यांना तडे असतात, घरोघरच्या जोडण्यांना गळती असते. नळीत दाबाने पाणी भरलेले असेल तर या प्रत्येक छिद्रातून पाणी बाहेर पडते. नुकसान होते, पण बाहेरचे काही आत येऊ शकत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला आणि नळी रिती होऊ लागली की उलटे सुरू होते. उताराकडे निघून जाणारे पाणी मागे पोकळी सोडते आणि ती पोकळी त्याच छिद्रांतून भोवतालची ओल आत ओढते. लहान गावात भोवती काय असते? उघडी गटार, शोषखड्डा, सेप्टिक टँकचे झिरपलेले पाणी. घरजोडणीची बारीक नळी तर कित्येकदा गटार ओलांडूनच घरात शिरते. त्यात भर पडते ती नळाला थेट जोडलेल्या मोटारीची. पाणी तासभरच येणार, तेही मंद धारेने, म्हणून एक घर मोटार लावते. मग शेजारच्या नळाला धार उरत नाही, म्हणून तेही लावते. दहा मोटारी एकाच नळीतून पाणी खेचू लागल्या की पाणी येत असतानाच त्या नळीतला दाब शून्याखाली जातो. म्हणजे गावाने पैसे खर्चून शुद्ध केलेले पाणी, गावानेच बसवलेल्या यंत्रांनी, गटाराच्या ओलीत मिसळून घरात येते. यात कुणा एका घराला दोष देता येत नाही. अपुऱ्या वेळेच्या पाण्यावर जगणारा माणूस दुसरे काय करणार?

हा तर्क आहे म्हणून तो मानावा असे नाही. त्याची मोजणी झालेली आहे, आणि आपल्या शेजारीच. हुबळी-धारवाडमध्ये २००८च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. बाकीच्या शहराला काही दिवसांआड, काही तासच पाणी मिळत राहिले. शहर तेच आणि शुद्धीकरणही त्याच प्रकारचे, फरक फक्त वितरणाच्या पद्धतीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्ही भागांतल्या नळांचे नमुने तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सतत पाणी असलेल्या भागात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेच्या संसर्गाची खूण असलेला जंतू, ०.७ टक्के नमुन्यांत सापडला. मधूनमधून पाणी येणाऱ्या भागात हे प्रमाण ३१.७ टक्के होते. त्यांच्या पुढच्या कामातून असेही दिसले की पाणी सुटताना येणाऱ्या पहिल्या धारेत आणि दाब कमी असताना घाण जास्त असते. दाब पुरेसा चढल्यावर तेच पाणी बरेच सुधारते. घराघरातली ‘पहिली बादली धुण्याला’ ही रीत किती शहाणपणाची आहे, ते यावरून कळावे. मात्र ज्या घराला एकूण चारच बादल्या मिळतात, त्याला हे शहाणपण परवडत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. त्याच शहरात पाच वर्षांखालच्या मुलांच्या आजारांचा वेगळा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण जुलाबांच्या प्रमाणात दोन्ही भागांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. पण तोच अभ्यास पुढे सांगतो की सतत पाणी असलेल्या भागात रक्ती जुलाब कमी होते आणि टायफॉइड झालेली घरेही कमी होती. साध्या जुलाबांना हाताची अस्वच्छता, उघड्यावरचे अन्न, माश्या, अंगणातली घाण असे अनेक रस्ते मोकळे असतात. त्यातला एक बंद केल्याने बाकीचे बंद होत नाहीत. टायफॉइडचा मोठा रस्ता मात्र पाण्यातूनच जातो आणि तिथे फरक दिसला. शिवाय नळ चोवीस तास झाला तरी कित्येक वर्षांची साठवणीची सवय एका दिवसात सुटत नाही. घरातले पिंप आणि हंडा यांत पाणी पुन्हा दूषित होण्याची सोय राहतेच. तेव्हा सततच्या पाण्याने सगळे आजार जातील असा दावा कुणी करू नये. जे जंतू नळीतून येतात, त्यांची वाट मात्र त्याने अडते.

दुसरे उत्तर दिले जाते ते क्लोरिनचे. नळीत घाण शिरत असेल तर क्लोरिन वाढवा. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आणि लहान शहरांत हे काम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर चालते. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो, पण पोते उघडे राहिले, दमट खोलीत पडले की तो उडून जातो. मग टाकीत टाकलेली पावडर म्हणजे बऱ्याच अंशी नुसता चुनाच उरतो. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबायचे आणि ओटी टेस्ट करायची. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, त्या पिवळेपणावरून शिल्लक क्लोरिन कळतो. भारतीय मानक १०५०० नुसार तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५. चाचणी सोपी आहे, पण ती कुठे करायची यावर तिचे मोल ठरते. टाकीखालच्या पहिल्या नळावर ती नेहमीच उत्तीर्ण होते. वस्तीच्या शेवटच्या, उताराच्या, दाटीच्या टोकावरच्या नळावर ती नापास होते, कारण वाटेत शिरलेल्या घाणीशी झुंजतच क्लोरिन संपलेला असतो. आणि क्लोरिनलाही मर्यादा आहे. दिल्लीत १९५५च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलून सांडपाणी वझिराबादच्या उपशाकडे आले. धोका ओळखून क्लोरिनची मात्रा वाढवली गेली आणि जिवाणूंचे आजार आटोक्यात राहिले. तरीही पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. ती विषाणूची, आज जिला हिपॅटायटिस ई म्हणतात ती, हे बऱ्याच वर्षांनी कळले. आपल्याकडे इचलकरंजीने २०१२च्या उन्हाळ्यात काविळीची अशीच साथ सोसली, माणसे दगावली. क्लोरिन ही शेवटची राखण आहे. तिच्या भरवशावर दारे उघडी टाकता येत नाहीत.

दारे बंद ठेवणे, म्हणजे नळी चोवीस तास दाबाखाली भरलेली ठेवणे, लहान गावाला जमते का? कऱ्हाडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर असलेल्या मलकापूरने ते करून दाखवले. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने आखलेली ही योजना कोयनेच्या पाण्यावर चालते. तिच्यात वितरणाच्या नळ्या एचडीपीईच्या घेतल्या, ज्यांचे सांधे उष्णतेने वितळवून एकजीव करतात. घरोघर मीटर बसवले, आणि तेही दूरवरून वाचता येतील असे. वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी पट्टी ठेवली, म्हणजे पिण्या-स्वयंपाकापुरते पाणी स्वस्त आणि बागेचे, गाडी धुण्याचे महाग. या कामाला पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. मोठ्या महानगरांना जे साधले नव्हते ते एका छोट्या गावाला साधले, याचे मला विशेष वाटत नाही. गाव लहान असणे हीच इथे सोय असते. नळ्यांचे जाळे आटोपशीर असते, कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे हे माणसांना तोंडपाठ असते आणि तक्रार करणारा व ऐकणारा बाजारात रोज भेटतात.

मीटरला विरोध होतो, आणि तो करणाऱ्यांना दटावून चालणार नाही. गरिबाला वाटते की आता घोटाघोटाचा हिशोब होणार. पण आजचा हिशोब कुणी मांडला आहे का? बेभरवशाच्या पाण्यापायी घराला जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मोटार आणि तिचे वीजबिल, पिंपे, जारचे पाणी, डॉक्टर, आणि पाण्याची वाट पाहत बुडालेली मजुरी हे सगळे भरावे लागते. ज्याच्याकडे टाकी बांधायला जागा नाही, त्याच्या वाट्याला सर्वांत मंद धार आणि सर्वांत घाण पाणी येते. शिवाय साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते दरवर्षी सांगते. ते बरोबरच सांगते, पण चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या वस्तीने पिंप रिकामे करून कोरडा दिवस कसा पाळावा, याचे उत्तर आरोग्य खात्याकडे नाही. ते पाणीपुरवठा विभागाकडे आहे.

मुळात पाणीच नसेल तर? मनमाडला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरण आटले असताना चोवीस तासांची भाषा करणे क्रूरपणाचे ठरेल. तिथे टँकरची आणि घरातल्या साठ्याची शुद्धता हेच पहिले काम. पण पाणी असूनही दिवसाआड सोडणारी गावे पुष्कळ आहेत आणि त्यांचे ‘पाणी पुरणार नाही’ हे उत्तर तपासायला हवे. माणूस किती पाणी पितो हे तासांवर ठरत नाही. उलट मधूनमधून येणाऱ्या पाण्यात नळ उघडाच राहतो, टाकी भरून वाहते, आणि नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. खरी अडचण गळतीची आहे: जुन्या जाळ्यात कायम दाब ठेवला तर गळतीही चोवीस तास चालेल. म्हणून आधी नळ्या सुधारा, मीटर बसवा, आणि मग दाब चढवा. हा क्रम मोडला तर योजना फसते.

राहिला घरातला आरओ. यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या बोअरवेलवर त्याचा खरा उपयोग आहे. पण नदीच्या, कमी क्षाराच्या पाण्यावर तो लावणे म्हणजे काढायची गरज नाही ते काढून पाण्याचा मोठा वाटा मोरीत सोडणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यावर आरओला मनाई करण्याचे निर्देश दिले ते याच कारणाने. विक्रेत्याच्या हातातला टीडीएस मीटर क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आणि दोन दांडे पाण्यात बुडवून वीज सोडली की जो तपकिरी गाळ वर येतो, तो पाण्यातला नसून दांड्याच्या लोखंडाचा असतो. या प्रयोगाने घाबरून कित्येक घरांनी कर्ज काढून यंत्रे घेतली, याची मला खंत वाटते. घराघरात यंत्र आले की आणखी एक गोष्ट घडते: ज्यांचा आवाज नगरपालिकेत ऐकला जातो, ते नळाबद्दल बोलणे सोडून देतात.

ओडिशातल्या पुरीने जुलै २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्याजोगे आणि चोवीस तास असल्याचे जाहीर केले. तिथे ‘जलसाथी’ म्हणून बचतगटांच्या बायका घरोघर जाऊन पाण्याची तपासणी करतात, मीटर वाचतात आणि बिल वसूल करतात. आपल्याकडे ग्रामपंचायतींना पाण्याच्या सर्वेक्षणानुसार लाल, पिवळी, हिरवी कार्डे देण्याची पद्धत जुनी आहे, जलसुरक्षक आहेत, आणि बचतगटांची तर महाराष्ट्राला कमतरता नाही. भारतीय मानक पाळणे नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक नसले, तरी दोन आकडे प्रभागवार फलकावर लावायला कुणाची परवानगी लागत नाही: शेवटच्या नळावरचा शिल्लक क्लोरिन आणि त्याच नळावरचा दाब. पहिला आकडा आज कुठे कुठे नोंदला तरी जातो, दुसरा जवळजवळ कुठेच नाही. आणि सगळे गाव एकदम बदलण्याचीही गरज नाही. हुबळी-धारवाडने सुरुवात शहराच्या सुमारे दहाव्या हिश्शापासून केली होती. एका टाकीखालचा एक प्रभाग वेगळा काढायचा, त्याच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवायचा, आणि नळी भरलेली ठेवून पहाटे दोन-तीनच्या सुमाराला, गाव झोपलेले असताना, तो मीटर किती फिरतो ते पाहायचे. त्या वेळी जाणारे पाणी बहुतेक गळतीचे असते, आणि जिथून ते बाहेर जाते तिथूनच, नळी रिकामी झाली की, गटार आत येते. ती ठिकाणे शोधून एकेक करून बुजवण्याचे काम कुठल्याही नगरपंचायतीच्या प्लंबरला येते.