विम्याचा अर्ज आणि इमिग्रेशनची धास्ती: सात गैरसमज

अमेरिकेत १ नोव्हेंबरला आरोग्यविम्याच्या नोंदणीचा हंगाम सुरू झाला, की मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. 'ग्रीन कार्डचं काम चालू असेल तर सरकारी विम्याच्या वाटेला जाऊ नका. सगळं इमिग्रेशनला कळतं.' त्यावर कोणीतरी तितक्याच ठामपणे लिहितं, 'काही होत नाही. कायद्याने सगळं गुप्त असतं.' पहिला सल्ला ऐकून अनेकांनी हक्काचा विमा सोडून दिला आहे. दुसरा सल्ला बरीच वर्षं बव्हंशी बरोबर होता, पण २०२५ मध्ये त्याचा एक मोठा भाग खोटा ठरला. 'माहिती गुप्त राहते का?' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. माहिती कोणाची, योजना कोणती आणि राज्य कोणतं, यावर ते ठरतं.

गैरसमज १: अर्जात घरातल्या प्रत्येकाची इमिग्रेशनची कागदपत्रं द्यावी लागतात.

वस्तुस्थिती: ज्याला विमा हवा आहे, त्याचाच इमिग्रेशन दर्जा विचारला जातो. अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या मुलासाठी आई किंवा वडील अर्ज भरू शकतात. अर्जात घरातल्या सगळ्यांची नावं येतात, कारण कुटुंब किती माणसांचं आणि उत्पन्न किती, यावर सवलत ठरते. मात्र प्रत्येक नावापुढे 'या व्यक्तीला विमा हवा आहे का?' असा प्रश्न असतो. आईच्या नावापुढे 'नाही' अशी खूण केली, की तिचा व्हिसा, ती कधी आली, दर्जा काय, हे प्रश्न उरत नाहीत. अर्जदार नसलेल्या नातेवाइकांच्या दर्जाची चौकशी करून अर्ज अडवू नये, असं मार्गदर्शन केंद्राच्या आरोग्य आणि कृषी खात्यांनी २००० सालीच राज्यांना दिलं होतं.

सोशल सिक्युरिटी क्रमांकाचं थोडं वेगळं आहे. विमा नको असलेल्या माणसाकडे हा क्रमांक असेल आणि त्याच्या आयकर विवरणावरून घराचं उत्पन्न पडताळायचं असेल, तर तो मागितला जाऊ शकतो. क्रमांक नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. एच-४ या आश्रित जोडीदारांच्या व्हिसावरच्या अनेक गृहिणींकडे फक्त करासाठीचा 'आयटिन' असतो. तो या रकान्यात लिहायचा नाही.

गैरसमज २: मार्केटप्लेसला दिलेली माहिती थेट धरपकडीसाठी जाते.

वस्तुस्थिती: मार्केटप्लेस म्हणजे आरोग्यविमा निवडून घेण्याची सरकारी व्यवस्था. ती उभी करणाऱ्या २०१० च्या अफोर्डेबल केअर अॅक्टमध्येच यावर बंधन आहे. पात्रता ठरवायला जेवढी गरजेची तेवढीच माहिती मागायची आणि ती मार्केटप्लेसच्या कामापुरतीच वापरायची, असं तो कायदा सांगतो.

तरीही अर्जदाराचं नाव इमिग्रेशन खात्याच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाही, असं नाही. नागरिक नसलेल्या अर्जदाराचा दर्जा 'सेव्ह' नावाच्या प्रणालीतून पडताळला जातो आणि ती प्रणाली होमलँड सिक्युरिटी विभागाची आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवाल्यासाठी यात नवं काही उघड होत नाही, कारण त्याची फाइल तिथे आधीपासूनच आहे. ज्याच्याकडे वैध दर्जा नाही तो मार्केटप्लेसच्या विम्याला पात्रच नाही. त्यामुळे त्याने स्वतःसाठी अर्ज करण्यात फायदा शून्य आणि जोखीम मात्र आहे. मुलासाठी अर्ज करताना स्वतःच्या नावापुढे 'नाही' म्हणायचं, एवढं त्याने पाळावं.

गुप्ततेशी संबंध नसलेली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जुलै २०२५ च्या नव्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी, विद्यार्थ्यांचा एफ-१ अशा व्हिसांवर असलेल्यांना हप्त्यातली सरकारी करसवलत मिळणार नाही. ती बंद झाली, की 'अर्ज केला म्हणून नाव काळ्या यादीत गेलं' अशी नवी अफवा उठेल. कारण एवढंच असेल की पात्रतेचे निकष बदलले.

गैरसमज ३: मेडिकेडची माहितीही तशीच कुलूपबंद असते.

वस्तुस्थिती: जुन्या पत्रकांतली हमी आता चालत नाही ती इथे. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती योजना. लाभार्थींची माहिती योजनेच्या कारभाराशी थेट संबंध असलेल्या कामांसाठीच वापरावी, असं सोशल सिक्युरिटी कायद्यात आहे. शिवाय विम्याच्या पात्रतेसाठी दिलेली माहिती धरपकडीसाठी वापरत नाही, असं 'आइस' या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेनं ऑक्टोबर २०१३ मध्ये लेखी जाहीर केलं होतं. या दोन आधारांवर स्वयंसेवी संस्थांनी लोकांना वर्षानुवर्षं धीर दिला.

जून २०२५ मध्ये उघड झालं, की केंद्राच्या आरोग्य खात्यानं कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी इथल्या मेडिकेड लाभार्थींची माहिती होमलँड सिक्युरिटीकडे दिली होती. १ जुलैला कॅलिफोर्नियाच्या पुढाकारानं २० राज्यांनी दावा दाखल केला. त्याच महिन्यात, देशभरातल्या सुमारे ७ कोटी ९० लाख लाभार्थींची माहिती 'आइस'ला पाहू देणारा करार झाल्याचंही समोर आलं. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी दावा करणाऱ्या राज्यांपुरती या देवाणघेवाणीला तात्पुरती मनाई केली. डिसेंबरअखेरीस त्यांनीच ती मनाई सैल केली. पत्ता, फोन, जन्मतारीख, इमिग्रेशन दर्जा अशी मूलभूत माहिती देण्याची मुभा मिळाली, तर आजार आणि उपचार यांच्या तपशिलांवरची मनाई कायम राहिली.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स ही राज्यं दाव्यात आहेत. टेक्सास आणि जॉर्जिया नाहीत, त्यामुळे तिथल्या लाभार्थींना या मनाईचा आधार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव टेक्सासमधल्या डॅलसमध्ये लागू पडेलच असं नाही, ते यामुळे.

गैरसमज ४: मग आज मेडिकेडमधून नाव काढून टाकलं की सुटका.

वस्तुस्थिती: नाव काढल्यानं आधी दिलेली माहिती पुसली जात नाही. पत्ता नोंदीत आहे तो आहेच. जातो तो विमा. दमेकरी मुलाचा इनहेलर आणि गरोदर बाईची तपासणी थांबते आणि त्या बदल्यात पदरात काही पडत नाही. आधीपासून नोंद असेल तर घाईनं नाव काढू नये. नव्यानं अर्ज करायचा असेल आणि घरात कोणाचा दर्जा डळमळीत असेल, तर मात्र आधी जाणकाराला विचारून मगच सही करावी.

विमा असो वा नसो, आणीबाणीत इस्पितळाची पायरी चढायला कचरू नये. १९८६ च्या कायद्यानुसार, मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेचे पैसे घेणाऱ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाला आलेल्या प्रत्येकाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. त्यात दर्जा आणि पैसे हे प्रश्न आड येत नाहीत.

गैरसमज ५: हिपा कायदा आहे, म्हणजे काळजी नाही.

वस्तुस्थिती: १९९६ चा हिपा कायदा डॉक्टर, इस्पितळं, विमा योजना यांना लागू होतो. इमिग्रेशन यंत्रणेला तो लागू नाही, त्यामुळे माहिती एकदा तिकडे गेली की हिपाचा हात पोहोचत नाही. न्यायालयाच्या आदेशानं माहिती मागितली तर हिपा ती देऊ देतो. पण अधिकाऱ्यानं नुसती तोंडी विचारणा केली म्हणून फाइल उघडून दाखवायची सक्ती तो करत नाही.

वॉरंटमधला फरकही माहीत असावा. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट वेगळं आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या सहीचं वेगळं. दुसऱ्याच्या जोरावर तपासणीच्या खोलीसारख्या खाजगी भागात शिरता येत नाही. प्रतीक्षागृह मात्र सार्वजनिक जागा मानली जाते. इस्पितळं आणि शाळांत शक्यतो कारवाई करायची नाही, हे धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यानंतर कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा करून इस्पितळांच्या अंतर्गत भागांना संरक्षण दिलं. इस्पितळाच्या खिडकीवर ओळखपत्र आणि विम्याचं कार्ड विचारलं जाणारच. इमिग्रेशन दर्जा आपणहून सांगायची मात्र गरज नाही.

गैरसमज ६: सरकारी मदतीचा विमा घेतला की ग्रीन कार्ड अडतं.

वस्तुस्थिती: या भीतीचं मूळ 'पब्लिक चार्ज' या कसोटीत आहे. ग्रीन कार्ड किंवा व्हिसा मागणारा पुढे सरकारवर भार होईल का, हे त्यात पाहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेल्या नियमानं मेडिकेडही त्यात धरलं होतं. मार्च २०२१ मध्ये तो नियम गेला, पण भीती राहिली. २३ डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमात फक्त उदरनिर्वाहासाठीची रोख सरकारी मदत आणि सरकारी खर्चानं संस्थेत दीर्घकाळ राहणं, एवढंच मोजलं जातं. मार्केटप्लेसची सवलत त्यात नाही, आणि मुलानं घेतलेला लाभ आईवडिलांच्या खात्यावर मांडला जात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटीनं हाच नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून ज्या दिवशी अर्ज कराल, त्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते पाहा.

नागरिकत्वाच्या अर्जाला ही कसोटी लागत नाही. आईबाबांना ग्रीन कार्डवर आणणाऱ्या मुलामुलींनी मात्र आपण सही केलेला आय-८६४ हा जबाबदारीचा फॉर्म आठवावा. आईबाबांनी उत्पन्नावर आधारित सरकारी लाभ घेतला, तर त्या खर्चाची भरपाई सही करणाऱ्या मुलामुलींकडे मागता येते.

गैरसमज ७: एजंट भरतोय ना अर्ज, आपल्याला काय बघायचं?

वस्तुस्थिती: माहिती फुटण्यापेक्षा चुकीची माहिती भरली जाणं कित्येकदा जास्त महागात पडतं. 'अमेरिकन नागरिक आहात का?' या प्रश्नाला घाईत 'होय' अशी खूण झाली, तर नागरिकत्वाचा खोटा दावा म्हणून १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो. हप्ता कमी पडावा म्हणून चुलतभावाचा पत्ता देणं किंवा उत्पन्न घटवून सांगणं हेही अंगाशी येऊ शकतं. सही करण्याआधी अर्जाचं प्रत्येक पान वाचा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, तो मोफत मिळतो आणि मराठीसाठीही मागता येतो. अर्ज भरायला मदत करणारे 'नॅव्हिगेटर' पैसे घेत नाहीत. २०२५ मध्ये केंद्रानं त्यांचा निधी मोठ्या प्रमाणात कापल्यानं ते सहज भेटत नाहीत, पण सामुदायिक आरोग्य केंद्रांतही अशी मदत मिळते.

नॅव्हिगेटर विम्याचं सांगेल. तुमच्या इमिग्रेशन केसवर काय परिणाम होईल, हे इमिग्रेशन वकीलच सांगू शकेल. अनेक शहरांत कायदा-साहाय्य संस्था हा सल्ला फुकट देतात. जाताना घरातल्या प्रत्येकाचा दर्जा, राज्य आणि हवी असलेली योजना एका कागदावर लिहून न्या, आणि ग्रुपवर आलेला सल्ला दाखवणार असाल तर तो कोणत्या तारखेचा आहे ते आधी बघा.