तेराव्या गुणसूत्रावरचा गळालेला तुकडा

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा मुख्यतः उतारवयात होणारा रक्ताचा कर्करोग. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रोगग्रस्त पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. इतक्या जणांत नेमका तोच तुकडा जातो, तेव्हा कर्करोगाला अडवणारं काहीतरी तिथे असणार, हा तर्क सरळ होता. संशोधकांनी तिथली प्रथिनं बनवणारी जनुकं तपासली. दोष एकावरही सिद्ध झाला नाही. अखेर 2002 मध्ये फिलाडेल्फियातल्या कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने त्याच भागात दोन मायक्रोआरएनएंची जनुकं दाखवून दिली. सुमारे बावीस अक्षरांचे हे रेणू स्वतः प्रथिन बनवत नाहीत. दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याच्यापासून प्रथिन बनणं ते रोखतात. बीसीएल-2 हे पेशीला मरू न देणारं प्रथिन त्यांच्या ताब्यात असतं, हे 2005 मध्ये कळलं. लगाम सुटला, की मरायला हव्या होत्या त्या पेशी साचत जातात.

प्रथिनांची माहिती मानवी जनुकसंचाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भागात असते. कर्करोगाचं मूळ तेवढ्यातच शोधणं अपुरं आहे, हे मला या उदाहरणातून पटतं. यावर आक्षेप असा, की उरलेल्या भागातून निघणारा बराचसा आरएनए निव्वळ गोंगाट असतो. आक्षेप रास्त आहे. मॅलॅट-1 या लांब आरएनएचा संबंध 2003 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसाराशी जोडला गेला. पुढे तो काढून टाकलेले उंदीर मात्र धडधाकट वाढले, आणि 2018 मध्ये स्तनाच्या कर्करोगात तो प्रसार रोखतो असा उलटाच निष्कर्ष निघाला. गाठीत एखादा रेणू वाढलेला दिसला, एवढ्यावरून तो कारण ठरत नाही. तो काढल्यावर काय होतं, हीच खरी कसोटी. तेराव्या गुणसूत्रावरची जोडी तिला उतरली: 2010 मध्ये ती काढलेल्या उंदरांपैकी काहींना मानवी रोगासारखाच रोग झाला.

उपचारांचं काय, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. मायक्रोआरएनए-34 ची नक्कल करणाऱ्या औषधाची चाचणी 2016 मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. त्याच वर्षी बीसीएल-2 ला रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण बीसीएल-2 चा शोध 1980 च्या दशकातला, तोही दुसऱ्या एका कर्करोगातून लागलेला. त्या औषधाचं श्रेय मायक्रोआरएनएला देता येणार नाही. मायक्रोआरएनएने दिलं ते स्पष्टीकरण: या रोगात बीसीएल-2 इतकं का माजतं, याचं. निदानापुरता उपयोग मात्र झाला आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीसीए-3 या आरएनएवर आधारलेली लघवीची चाचणी अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झाली. तरीही कर्करोगाच्या अनेक जनुकचाचण्या आजही मुख्यतः प्रथिनांचीच जनुकं वाचतात. त्यांच्या अहवालात ‘महत्त्वाचा बदल आढळला नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी ते वाक्य फक्त तपासलेल्या भागापुरतं खरं असतं, आणि रुग्णाला हे कोणीतरी सांगायला हवं.