वेळापत्रकावरचा इंग्रजीचा तास

मराठी माध्यमाच्या नववीत इंग्रजीचा धडा बहुधा असा होतो: बाई वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तरे फळ्यावर लिहितात आणि मुले ती वहीत उतरवून पाठ करतात. परीक्षा पार पडते, पण स्वतःचे वाक्य जुळवण्याची वेळ मुलावर फारशी येतच नाही. ती आणणारी एक पद्धत आपल्याच देशात, आपल्यासारख्याच शाळांत वापरून पाहिली गेली आहे.

प्रभूंचा प्रयोग

एन. एस. प्रभू मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत असताना 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत हा प्रयोग झाला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. मुलाचे लक्ष अर्थाकडे असते तेव्हा भाषेची घडण त्याच्या मनात आपोआप होत जाते, ही त्यामागची धारणा. म्हणून व्याकरणाचा ठरावीक क्रमच ठेवला नाही. क्रम होता तो कोड्यांचा: नकाशे, वेळापत्रके, पैशांचे हिशेब.

तास कसा घ्यायचा

फळ्यावर पुणे-सातारा बसचे छोटे वेळापत्रक लिहा. चार गाड्या पुरेत. वेळा तुम्ही ठरवा. आधी सोपे प्रश्न इंग्रजीतच विचारा: पहिली बस किती वाजता सुटते, पोचायला किती वेळ लागतो? मग पेच टाका. एकाला दहा वाजता साताऱ्यात मुलाखत आहे, स्टँडपासून कचेरीपर्यंत पायी वीस मिनिटे लागतात. त्याने कोणती बस धरावी? त्याआधीची का नको, त्यानंतरची का नको?

इथे तास खरा रंगतो. उत्तर एका शब्दाचे असले तरी कारण सांगताना ‘बिकॉज’ लागते, ‘टू लेट’ लागते. मूल अडखळले तर त्याचेच म्हणणे नीट इंग्रजीत उच्चारून पुढे जा. तिथे थांबून नियम समजावू नका. हा भाग सगळ्या वर्गाने मिळून सोडवायचा. नंतर तशाच दुसऱ्या वेळापत्रकावरचे प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. गटकार्यावर प्रभूंचा भर नव्हता, कारण मुले एकमेकांच्या चुकाच उचलतील अशी त्यांना शंका होती. तपासताना आधी उत्तर बरोबर आहे का ते पाहायचे.

कोडे किती अवघड असावे? प्रभूंचा ठोकताळा मला फार उपयोगी वाटतो: निम्म्या वर्गाला निम्मे तरी जमले पाहिजे. सगळ्यांना सगळे आले तर उद्याचे कोडे कठीण करा.

निकाल आणि मर्यादा

बेरेटा आणि डेव्हिस यांनी 1985 मध्ये या वर्गांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्याचा कल प्रकल्पाच्या बाजूने होता. मात्र तयार वर्गांचीच तुलना झाली होती, मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. त्यामुळे तो शेवटचा शब्द मानता येत नाही. शिवाय शिक्षकाला वर्गात सहज इंग्रजी बोलता यावे लागते, आणि बोर्डाच्या परीक्षेतला व्याकरणाचा प्रश्न काही टळत नाही.

म्हणून सगळा अभ्यासक्रम उलथवू नका. आठवड्यातला एकच तास अशा कोड्याला द्या, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनाही कारण विचारा.