गवत कापा, पण फवारणीचा पंप शेतातच राहू द्या

पोळ्याच्या सुमारास दिग्रसच्या ले-आऊटमधले रिकामे प्लॉट कमरेएवढ्या गवताने भरतात. तरोटा, गाजरगवत, मध्येच हरळी. शेजारी एखाद्या घरामागे गेल्या हंगामातील पऱ्हाट्यांचा ढीग आणि त्यात उंदरांची बिळे. लोकांना धास्ती असते ती सापाची. पण याच गवताच्या शेंड्यावर नजरेला जेमतेम दिसेल असा एक जीव बसलेला असू शकतो, त्याचे नाव चिगर.

चिगर म्हणजे एका जातीच्या माइटची सहा पायांची अळी. वांग्यावरचा लाल कोळी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हा त्याच्याच गोतावळ्यातला, काटेकोरपणे बोलायचे तर कीटकही नव्हे. मोठा झालेला माइट मातीत राहतो आणि माणसाला चावत नाही. अळीला मात्र वाढीसाठी एकदा उंदीर, घूस किंवा वाटेत आलेला माणूस लागतो. तिच्यात ‘ओरिएन्शिया’ नावाचा जंतू असला, तर चाव्यातून स्क्रब टायफस होतो. हा जंतू मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे एखाद्या जागी तो वर्षानुवर्षे टिकून राहतो. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूरसह विदर्भात या आजाराचे अनेक रुग्ण आढळले, काही दगावले. तोवर बऱ्याच घरांनी हे नावही ऐकलेले नव्हते.

चाव्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. पावसाळ्यात असा ताप म्हटले की डेंग्यू-मलेरियाचाच विचार आधी होतो. ओळखीची खूण म्हणजे चाव्याच्या जागी पडलेली काळी खपली, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजतही नाही, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली लपलेली असते. सर्वांनाच ती उमटते असेही नाही.

मग गवताचे काय करायचे? कापायचे. मुळाशी ऊन पोचले, माती कोरडी झाली की माइटला तिथे टिकणे अवघड जाते. घराभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा आखूड ठेवला आणि पऱ्हाट्या-कुटाराचा ढीग भिंतीपासून दूर नेला, तर उंदीरही लांब जातात. मात्र कापणाऱ्यालाच धोका सर्वांत जास्त. निंदणाला जाणाऱ्या बाया हे काम वाकून, बसून करतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, काम झाल्यावर लगेच साबणाने अंघोळ आणि तेच कपडे गरम पाण्यात, एवढे तरी पाळावे. धुतलेले कपडे गवतावर वाळत घालू नयेत.

गवत कापण्याचा कंटाळा आला की हात जातो शेतातल्या औषधाकडे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात पोचले. मोकळ्या शेतात ही गत, तर जिथे लेकरे खेळतात आणि पाण्याचा ड्रम भरलेला असतो त्या अंगणात तेच विष फवारणे हा शुद्ध वेडेपणा आहे. माइट बराच काळ मातीत असतो, वरवरच्या फवाऱ्याने तो संपतही नाही.

डेंग्यूच्या डासाचे तर गवताशी फारसे देणेघेणे नाही. त्याला हवे असते साठवलेले स्वच्छ पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, ड्रम, कूलर रिकामे करायचे. नुसते उपडे करून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात. काथ्याने घासणे आलेच.

स्क्रब टायफसवर डॉक्सीसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध आहे. वेळेत मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. पेनिसिलिनसारख्या औषधांना हा जंतू दाद देत नाही आणि उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूपर्यंत मजल जाते. गरोदर स्त्रीसाठी औषध वेगळे असते, तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. डॉक्टरांकडे गेल्यावर आधी सांगायचे ते हे, की गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवतात काम झाले होते का आणि अंगावर कुठे काळी खपली आहे का.