पैनगंगेपलीकडचं आदिलाबाद: स्वस्त प्रवासाबद्दलचे गैरसमज

पाठीला सॅक, खिशात मोजके पैसे आणि पर्यटकांची वर्दळ नसलेला गरीब मुलूख. असा प्रवास करायचा म्हटलं की आपल्याकडची तरुण मुलं नेपाळ नाहीतर व्हिएतनामची तिकिटं शोधू लागतात. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पैनगंगेचा पूल ओलांडताच लागणारा तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा कुणाच्या मनातही येत नाही. ज्यांच्या येतो, त्यांच्या त्याविषयीच्या काही समजुती पक्क्या असतात आणि बहुतेक चुकीच्या.

‘फार आडबाजूला आहे, आणि तेलुगू येत नसेल तर पंचाईत’ ही त्यातली पहिली. मुंबईहून निघणारी नंदीग्राम एक्सप्रेस नांदेड, किनवट करत आदिलाबादला पोचते. महामार्ग क्रमांक 44 शहराजवळूनच जातो. भाषेचं म्हणाल तर किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. रेषा बदलली, सोयरिकी राहिल्या. जैनथ, बेला, तामसी या मंडलांत घरोघरी मराठी ऐकू येते, शहरातल्या बाजारात हिंदी-उर्दू चालते. अडचण येते ती बसच्या पाट्यांची, कारण गावोगावच्या गाड्यांवर बहुधा तेलुगूच असतं. कंडक्टरला विचारावं, इतकाच त्यावर उपाय.

‘आदिवासी भाग आहे, परवाना लागेल, शिवाय नक्षलवादी’ असं घरची वडीलधारी माणसं म्हणतात. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो हे खरं, पण तिथले निर्बंध जमिनीच्या खरेदी-विक्रीवर आहेत, प्रवाशाच्या येण्याजाण्यावर नाहीत. राखीव जंगलात आणि कवाल व्याघ्र प्रकल्पात मात्र वनखात्याचे नियम लागू होतात. नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या केंद्राच्या 2021 च्या यादीत आदिलाबाद होता, 2024 च्या यादीत नाही. भीतीला एकेकाळी आधार होता. आज ती जुनी झाली आहे.

सर्वांत जास्त फसवणारा समज म्हणजे ‘गरीब जिल्हा, म्हणजे सगळंच स्वस्त’. आदिलाबाद शहरात साधा लॉज आणि खानावळ स्वस्तात मिळते, बसभाडंही कमीच. पण कुंतला धबधबा महामार्गावरच्या नेरडीगोंड्यापासून बारा-एक किलोमीटर आत आहे. तिथे नेणारी सोयीची बस हवी त्या वेळी मिळेल असं नाही, आणि एकट्यासाठी ऑटो ठरवला की दिवसभराची बचत त्यातच जाते. चार जण मिळून गेलात तर तोच ऑटो परवडतो. एकट्याने जायचं तर पैशाऐवजी वेळ खर्चायची तयारी हवी. मी स्वतः वेळ खर्चण्याच्या बाजूचा आहे, कारण उटनूरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसांशी गप्पा होतात तेव्हाच हा मुलूख कळू लागतो.

बसच्या सवलतींबाबतही गोंधळ आहे. तेलंगणात डिसेंबर 2023 पासून महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो तेलंगणाचं ओळखपत्र असलेल्या महिलांनाच. आपल्या एसटीची महिलांसाठीची 50 टक्के सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. पुढचं भाडं पूर्ण धरूनच हिशेब करावा.

प्रेक्षणीय स्थळांच्या जुन्या याद्यांवर विसंबू नये. ऑक्टोबर 2016 मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले. बासरची सरस्वती निर्मल जिल्ह्यात गेली, निजामाविरुद्ध लढलेले गोंड नेते कोमरम भीम यांचं जोडेघाट आसिफाबादमध्ये. ‘आदिलाबाद दोन दिवसांत’ म्हणून जे काही सांगितलं जातं, ते बसने होणारं नव्हे. कुंतला पाहायचा तर पावसाळ्याच्या अखेरीला. उन्हाळ्यात धार बारीक होते. सुमारे 45 मीटरवरून कोसळणाऱ्या या पाण्याखालच्या कुंडात मात्र उतरू नका. तिथे अनेक जीव गेले आहेत. आणि तेलंगण म्हणजे उकाडा असं समजून हिवाळ्यात पांघरूण न घेता जाऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो.

राहिली केसलापूरची नागोबा जत्रा. ‘आदिवासींचा नाचगाण्याचा महोत्सव’ अशी तिची ओळख करून दिली जाते, तेव्हा वाईट वाटतं. ही मेसराम कुळातल्या गोंडांची पूजा आहे. कुळाची माणसं अनवाणी चालत गोदावरीचं पाणी कलमडुगूहून आणतात, पौष अमावस्येच्या रात्री महापूजा होते, आणि लग्न होऊन कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. त्याआधी त्या कुळाच्या विधींत सहभागी होऊ शकत नाहीत. जत्रेत भरणारा दरबारही करमणुकीसाठी नाही. 1940 मध्ये कोमरम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी पाठवलं. लोकांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकावीत, ही प्रथा त्यातून सुरू झाली. आजही तिथे जमिनीचे, रस्त्यांचे, शाळांचे प्रश्न मांडले जातात.

जत्रेला कुणीही जावं, मनाई नाही. पूजेच्या जागी कॅमेरा काढण्याआधी मेसराम वडीलधाऱ्यांना विचारावं आणि नाही म्हणाले तर आग्रह धरू नये. दिवाळीच्या सुमाराच्या दंडारी या गोंडांच्या सणातल्या, मोरपिसांचा टोप घालून होणाऱ्या गुसाडी नाचाचंही तेच. पैसे देऊन अवेळी नाचायला सांगणारे पाहुणे तिथल्या माणसांना दुखावतात, कारण तो टोप त्यांच्या लेखी देवाचा आहे. जत्रेच्या दिवसांत आदिलाबादहून इंद्रवेल्लीमार्गे जादा बस सुटतात. केसलापुरात प्रवाशांसाठी लॉजची सोय धरून चालू नका. मुक्काम आदिलाबादला किंवा उटनूरला ठरवून निघा.