यूनानला कोसा घेऊन जाताना : ‘ने’ म्हणजे होकार!

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावचा कोसा नागपूर-मुंबईच्या बाजाराला परिचित आहे. आसगाव-पवनी भागातील ज्या व्यापारी व कारागीर बांधवांना हा माल परदेशात दाखवायचा आहे, त्यांनी ग्रीसचा विचार जरूर करावा. आपले बुजुर्ग ज्याला यूनान म्हणत आले तोच हा देश. तेथील सूफ्ली हे गाव रेशमासाठी प्रसिद्ध असून तेथे रेशमाचे संग्रहालयही आहे. त्यांचे रेशीम तुतीचे, चकचकीत. आपला कोसा ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या किड्यांचा, मंद सोनेरी. हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगावा. थेसालोनिकी शहरात दर सप्टेंबरात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. 2019 साली त्यात भारताला सन्माननीय देशाचा मान होता.

मात्र माल चांगला असूनही केवळ गैरसमजाने सौदा मोडू शकतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कागदपत्रे : शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निदान 15 दिवस आधी तरी तो दाखल झाला पाहिजे. 30,000 युरोचा प्रवास-विमा सक्तीचा आहे. किमती नमुने परत आणायचे असतील तर ‘फिक्की’कडून मिळणाऱ्या एटीए कार्नेची चौकशी करावी.

हो आणि नाही : ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओखी’ म्हणजे नाही. आपल्या कानाला ‘ने’ हा नकार वाटतो आणि आपण उगाच भाव खाली आणतो. पुष्कळ लोक तोंडाने काही न बोलता मान मागे टाकून भुवया उंचावतात, कधी ‘च्’ असा आवाज करतात. तो स्पष्ट नकार समजावा. आपली मान डोलावण्याची सवय तेथे कोणाला उमगत नाही; तोंडानेच उत्तर द्यावे.

हाताचा पंजा : ‘पाच’ दाखवण्यासाठी समोरच्याच्या तोंडासमोर पाच बोटे पसरू नयेत. तेथे ती उघड शिवी आहे. आकडा कागदावर लिहावा. लिहितानाही सावध राहावे : त्यांच्याकडे 1.500 म्हणजे दीड हजार आणि 12,50 म्हणजे साडेबारा. टिंब आणि स्वल्पविराम यांचे काम आपल्या उलट आहे.

वेळ : लहान दुकाने सोमवारी, बुधवारी व शनिवारी दुपारनंतर बहुधा बंद होतात, मंगळवार, गुरुवार व शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा उघडतात. रविवारी बाजार सहसा बंद. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी फोन करणे असभ्यपणाचे समजतात. 15 ऑगस्टला त्यांचा मोठा धार्मिक सण असतो, त्या सुमारास पुष्कळ पेढ्या बंद असतात. ईस्टरची तारीखही आधी पाहून घ्यावी. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा भेद त्यांच्या भाषेतही आहे. भेटताच ‘कालिमेरा’, निघताना ‘एफ्खारिस्तो’ एवढे म्हटले तरी माणूस खुलतो. कॉफी पुढे केली तर घाई करू नये, आणि तिला ‘तुर्की कॉफी’ म्हणू नये.

खाणे व नमाज : रस्त्यावरचा ‘यीरोस’ बहुधा डुकराच्या मांसाचा असतो. ‘खिरिनो’ म्हणजे डुक्कर, ‘कोतोपुलो’ कोंबडी, ‘अर्नी’ मेंढी. मात्र कोंबडी असली म्हणजे ती हलाल असेलच असे नाही. ‘निस्तिसिमो’ म्हटले की मांस, दूध, अंडी नसलेला उपवासाचा पदार्थ मिळतो. दारू घातली आहे का, ते मात्र विचारावे. अथेन्समध्ये ओमोनियाजवळच्या मेनांद्रू रस्त्यावर पाकिस्तानी-बांगलादेशी दुकाने आहेत. शहरातील सरकारमान्य मशीद व्होतानिकोस भागात 2020 साली सुरू झाली. कोमोतिनी व क्सांथी येथे जुनी मुस्लिम वस्ती व मशिदी आहेत. शौचालयात बहुतेक ठिकाणी पाण्याची सोय नसते. बाटली जवळ ठेवावी. कागद भांड्यात न टाकता डब्यात टाकतात.

सौदा ठरला की भाव, मीटर, पन्हा आणि मुदत त्याच बैठकीत कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘ने’ की ‘ओखी’, हा वाद मग घरी आल्यावर उरत नाही.