वऱ्हाडातून निघणाऱ्या वाटा (भाग ९) : गाविलगडाहून जंजिऱ्याकडे

मागच्या भागात आपण शहानूरच्या प्रवेशद्वारातून मेळघाटात शिरलो होतो आणि नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यापाशी थांबलो होतो. त्यानंतर अकोल्याच्या एका वाचक ताईंनी विचारलं, सफारी झाली, वाघ दिसला किंवा नाही दिसला, आता पोरांना समुद्र पाहायचाय, तर कुठे न्यावं? अमरावती-अकोल्याकडचे बरेच लोक अशा वेळी थेट गोवा गाठतात. ज्यांना परवडतं ते टांझानियाला जाऊन सेरेंगेटीत सिंह बघतात आणि शेवटचे चार दिवस झांझिबार बेटावर काढतात. जंगल, मग बेट, हा क्रम आता जगभर रुळला आहे. ‘सफारी’ हा शब्दही तिकडचाच. अरबीतला ‘सफर’ स्वाहिलीत ‘सफारी’ झाला, आणि तोच ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीतही आला.

माझं उत्तर वेगळं आहे. मेळघाट पाहून झाल्यावर जंजिऱ्याला जा. मुरूड आणि काशीदचे किनारे आहेतच, पोरं वाळूत मनसोक्त खेळतील. पण मी जंजिरा सांगतो तो किनाऱ्यासाठी नाही. मेळघाटातला गाविलगड ज्याने पाहिला आहे, त्याला जंजिऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर जे दिसतं ते इतर प्रवाशाला दिसत नाही.

थोडा इतिहास सांगतो. वऱ्हाडची इमादशाही १५७४ साली बुडाली. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाड घेतलं. पुढे १५९६ साली मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा चांदबिबीला तहात वऱ्हाड सोडून द्यावं लागलं. मधली २२ वर्षं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि राजपुरीच्या खाडीसमोरचा जंजिरा हे दोन्ही किल्ले एकाच राज्याचे होते. एक सातपुड्याच्या कड्यावर, दुसरा अरबी समुद्रात. जंजिऱ्याची दगडी तटबंदी १५६७ ते १५७१ या काळातली मानतात. गाविलगडावर बहराम बुरूज आहे, त्यावरचा शिलालेख १५७७ चा. म्हणजे दहा वर्षांच्या आत एकाच तख्ताने डोंगरातही दगड रचले आणि समुद्रातही. शाळेत वऱ्हाडचा इतिहास आणि कोकणचा इतिहास वेगवेगळ्या धड्यांत शिकवतात. त्यामुळे हे दोन किल्ले आपण कधी शेजारी ठेवून पाहतच नाही.

आता दारांकडे या. गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावर सिंह आणि हत्ती कोरले आहेत, आणि चोचींत हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंडही आहे. हे शिल्प निजामशाहीच्या आधीचं, इमादशाहीचं. जंजिऱ्याच्या मुख्य दाराशी असाच एक प्राणी आहे, शरभ. त्याने पंज्यांखाली हत्ती दाबले आहेत आणि शेपटीतही हत्ती गुंडाळला आहे. हत्ती म्हणजे समोरच्याची सत्ता, आणि तिला लोळवणारा हा प्राणी म्हणजे किल्ल्याचा मालक, ही दख्खनी दरवाज्यांची भाषा. सेमाडोह-कोलकासच्या जंगलात तीन तास जिप्सीत बसून ज्याला वाघाचा फक्त पंजाचा ठसा मिळाला, त्याला या दोन दारांवर दगडातले पंजे जवळून बघता येतील. पोरांना दोन्ही ठिकाणचे हत्ती मोजायला सांगा.

जंजिरा हा शब्द अरबी ‘जझीरा’ वरून आला. अर्थ बेट. बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. दारूची पिंपं घेऊन व्यापारी म्हणून आलेल्या पिरमखानाने तो कपटाने घेतला, अशी कथा सांगतात. मग इथे सिद्दी आले, म्हणजे हबसाणातून, पूर्व आफ्रिकेतून आलेले लोक. त्यांच्यातले कितीतरी जण गुलाम म्हणून विकले गेले आणि समुद्र ओलांडून दख्खनमध्ये पोचले. पुढे त्यांच्यातूनच सरदार झाले, दर्यासारंग झाले. मरेपर्यंत निजामशाही लढवणारा मलिक अंबरही हबशीच. झांझिबारला जाणारा प्रवासी तिथला जुना गुलामांचा बाजार होता ती जागा पाहतो आणि गप्प होतो. आफ्रिकेतून आलेल्या अशाच माणसांच्या वंशजांनी आपल्या रायगड जिल्ह्यात १९४८ पर्यंत संस्थान चालवलं, हे तिथे उभं असताना किती मराठी माणसांना आठवत असेल?

शिवाजी महाराजांना हा किल्ला मिळाला नाही. त्यांनी समोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या मोहिमेत किनाऱ्यापासून समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला होता. तरीही जंजिरा पडला नाही. का, ते होडीत बसल्यावर समजतं. राजपुरीहून शिडाची होडी निघते, तट मोठा होत जातो, पण दार काही दिसत नाही. दोन बुरुजांच्या कुशीत ते असं दडवलं आहे, की होडी अगदी पुढ्यात आल्यावरच नजरेला पडतं. वर कलाल बांगडीसारख्या तोफा. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतला, कारण डोंगरावर तोफा चढवता येतात आणि तटाला भगदाड पाडता येतं. पाण्यावर तोफेला पाय रोवायला जागा नसते.

मी आईला घेऊन गेलो होतो. तिचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको : विहीर खणली तरी पाणी खारट, डाळ शिजत नाही, चहा फाटतो. लहानपणी गोड्या पाण्यासाठी दीड कोस चाललेली बाई ती. चारी बाजूंनी समुद्र, आणि किल्ल्याच्या मधोमध दगडांनी बांधलेला मोठा गोल तलाव. सोबतचा माणूस म्हणाला, हे पाणी गोडं आहे. आईचा विश्वास बसेना. ती खाली उतरली, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “माय व, हे त गोड आहे!” मग बराच वेळ ती तलावाच्या काठावरच बसून राहिली. तोफा पाहायला आली नाही.

गाविलगडावरही तलाव आहेत, नरनाळ्यावर शक्कर तलाव आहे. किल्ला तटाने टिकतो असं आपण म्हणतो, पण वेढ्यात माणसं आधी पाण्यावाचून हरतात. कोकणात वऱ्हाडाच्या तिपटीहून जास्त पाऊस पडतो. दगडात नीट साठवलं, की बेटावरही वर्ष निघतं.

आता जाण्याचं. नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेरा आणि अकोल्यावरून पनवेलमार्गे कोकणात उतरते. ती रोज नसते, तेव्हा वेळापत्रक पाहूनच आरक्षण करा. पनवेलहून पुढे रस्त्याने मुरूड. मुरूडला सर्वांत जवळचं स्थानक रोहा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. मेळघाटची सफारी आणि हे बेट दोन्ही जमवायचं तर दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस चांगले.

आणि भरती-ओहोटी समजून घ्या, कारण आपल्याकडे हा अनुभवच नाही. कोकणातली माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट केली, की भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही जातं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास तेच पाणी सुस्त असतं, तो भांग. कालनिर्णय भिंतीवर असलेल्या घराला दुसरं काही लागत नाही.

आम्ही पौर्णिमेलाच गेलो होतो. बाराला होडी दाराशी लागली तेव्हा पाणी पायरीच्या कडेशी होतं, आई माझा हात न धरता उतरली. दीडला परत आलो तर त्या पायरीखालची आणखी एक पायरी उघडी पडली होती, शेवाळाने हिरवी, कडेला कालवं चिकटलेली. होडी खाली गेली होती. होडीवाल्याने दोर ताणून धरला, मी आधी उतरलो, आणि आईने या वेळी दोन्ही हात पुढे केले.